दुसऱ्याचें गाणें

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनांतील गायनस्पर्धेंत आमच्या हातून एक चूक झाली. ती प्रथम सांगतों, म्हणजे हा लेख लिहिण्याचें कारण वाचकांच्या ध्यानीं येईल. नववीच्या वर्गांतील एका मुलानें 'वुई विल रॉक यू' हें प्रसिद्ध इंग्रजी गाणें म्हटलें. मूळ गाणें पाय आपटून व टाळ्या वाजवून दिलेल्या तालावर उभें आहे. गिटार येते ती अगदीं शेवटीं. ह्या मुलाचें घर मावळांतील एका खेड्यांत. त्यानें पेटीचा एकच सूर धरला, मित्राच्या हातीं ढोलकी दिली, लय निम्मी केली, आणि तें आव्हानाचें गाणें एखादी बाई पहाटे जात्यावर बसून म्हणेल तशा संथपणें म्हटलें. सभागृह क्षणभर स्तब्ध झालें होतें, हें आम्हांस चांगलें आठवतें. परंतु परीक्षक आम्ही. आणि आमच्या हातांतील कागदावर 'मुळाशीं साम्य' ह्या सदराखालीं दहा गुण होते. त्यांपैकीं आम्हीं त्यास दोन दिले. पारितोषिक गेलें तें ध्वनिमुद्रिकेची हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलाकडे.

दुसऱ्यानें गाजविलेलें गाणें आपण पुन्हां गाऊन मुद्रित करणें, ह्यास इंग्रजींत 'कव्हर' म्हणतात. हा शब्द अमेरिकेंतील ध्वनिमुद्रिकांच्या बाजारांतला. एका कंपनीची तबकडी खपूं लागली कीं दुसरी कंपनी तेंच गाणें आपल्या गायकाकडून घाईघाईनें म्हणवून घेई. त्यांत अन्यायही पुष्कळ झाला. लिटल रिचर्ड ह्या कृष्णवर्णीय गायकाचें 'टुटी फ्रुटी' १९५५ सालीं निघालें. लागलीच पॅट बून ह्या गौरवर्णीय गायकानें तें सौम्य करून म्हटलें, आणि लोकप्रियतेच्या यादींत नक्कल अस्सलाच्या वर जाऊन बसली. तेव्हां ह्या शब्दास लोक नाक मुरडतात तें अगदींच निष्कारण नव्हे.

परंतु त्याच लिटल रिचर्डचीं गाणीं आपल्या ह्या सह्याद्रींत, पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत, वसतिगृहांतील कांहीं मुलगे वाजवीत असत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. १९५८ च्या सुमारास तेथील पांच मुलांनीं 'द हेक्टिक्स' नांवाचा वाद्यवृंद काढला. त्यांची सारी भिस्त दुसऱ्यांच्या गाण्यांवर: क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, असे तेव्हांचे गाजलेले गायक. पियानोवर झांजिबारहून शिकावयास आलेला फरोख बलसारा नांवाचा पारशी मुलगा बसे. रेडिओवर ऐकलेलें गाणें तो लागलेंच पियानोवर काढी, असें त्याचे सोबती सांगत आले आहेत. गाण्याचा मुख्य मान दुसऱ्या मुलाचा. हा बसून साथ करी. हाच फरोख पुढें फ्रेडी मर्क्युरी ह्या नांवानें, लंडनमध्यें १९७० सालीं निघालेल्या 'क्वीन' ह्या वृंदाचा गायक झाला. आमच्या स्पर्धकानें म्हटलेलें गाणें ह्याच वृंदाचें, १९७७ सालचें. रचना मात्र गिटारवादक ब्रायन मे ह्याची. पांचगणी लोणावळ्याहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, आणि तरीही स्पर्धेच्या दिवशीं ही हकीकत त्या मुलास ठाऊक नव्हती व, सांगण्यास संकोच वाटतो, आम्हांसही नव्हती.

ह्या गायकाचें एक दुर्लक्षिलेलें गाणें मुद्दाम ऐकण्यासारखें आहे. क्वीनची पहिली मोठी तबकडी निघण्याच्या थोडें आधीं, १९७३ सालीं, त्यानें 'लॅरी ल्यूरेक्स' असें टोपणनांव घेऊन 'आय कॅन हिअर म्यूझिक' हें गाणें प्रसिद्ध केलें. तें पूर्वीं १९६६ सालीं 'द रॉनेट्स' ह्या गायिकांनीं व १९६९ सालीं 'द बीच बॉइज' ह्यांनीं म्हटलेलें होतें. तबकडी खपली नाहीं. आम्हीं ती गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत अनेकदां ऐकली. वाद्यांच्या दाट गर्दींतून तो कोवळा आवाज वर येण्यासाठीं वाट काढीत आहे, आणि दुसऱ्याचा अंगरखा घालून आपल्या खांद्यांचें माप घेत आहे, असें वाटतें. कीर्ति पावल्यावरही त्यास ह्या गोष्टीची लाज वाटली नाहीं. 'द प्लॅटर्स' ह्यांचें १९५५ सालचें 'द ग्रेट प्रिटेंडर' त्यानें १९८७ सालीं पुन्हां म्हटलें, आणि तें मात्र चांगलेंच गाजलें.

मग नक्कल कोठें संपते? एक सोपें उदाहरण घ्या. 'विथ अ लिट्ल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' हें बीटल्सचें १९६७ सालचें गाणें, मित्रांबरोबर रमतगमत चालावें तसें हलकें. पुढच्याच वर्षीं जो कॉकर ह्यानें तें घेतलें. शब्द बहुतेक तेच; परंतु केरव्याचें पद दादऱ्याच्या विलंबित झोलावर टाकावें तसें त्यानें केलें, आणि जें हंसत म्हटलें होतें तें आर्जव होऊन बसलें.

परंतु ह्या विषयांतील सर्वांत मोठा धडा आपल्याच भाषेंत आहे. कुमार गंधर्व (१९२४–१९९२) बालवयांत मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत, व श्रोते थक्क होत. पुढें मुंबईस देवधर मास्तरांकडे त्यांचें शिक्षण झालें. ज्यास हुबेहूब नक्कल बालपणींच साधली होती, त्या ह्या गवयानें प्रौढपणीं बालगंधर्वांचीं नाट्यपदें घेतलीं तेव्हां बालगंधर्वांचा आवाज काढून दाखविला नाहीं. कार्यक्रमास त्यांनीं नांव दिलें 'मला उमजलेले बालगंधर्व'. 'उमजलेले' हा एक शब्द पाहा! पाठ झालेले नव्हे, साधलेले नव्हे. बालगंधर्वांचा सूर लांब, अखंड, तुपासारखा ओघळणारा. कुमारांचा तुटक, झेप घेऊन मध्येंच थांबणारा. दोन्ही ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकल्या म्हणजे जुनें पद कोठें वळतें व तें तेथेंच कां वळतें, हें दुसऱ्या गायकामुळें प्रथमच कळतें. आमच्या घरीं वडील मंडळींस हें गाणें मुळींच रुचत नसे. आम्ही पोरेंही त्यांचीच री ओढीत असूं.

पालकांसाठीं एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यांत २०१२ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, मूळ मुद्रण ज्या वर्षीं झालें त्यानंतर पुरीं पांच वर्षें लोटल्यावांचून त्या गाण्याची अशी नवी ध्वनिमुद्रिका काढतां येत नाहीं, व काढतांना हक्कदारास सूचना आणि मानधन द्यावें लागतें. शाळेच्या कार्यक्रमांत विद्यार्थ्यांनीं गाण्यास मात्र मुभा आहे.

यंदाच्या स्पर्धेच्या कागदावरील 'मुळाशीं साम्य' हें सदर आम्हीं खोडलें असून तेथें 'गाण्याची समज' असें लिहिलें आहे. हा लेख छापावयास देण्यापूर्वीं त्या मुलास बोलावून जुनें गुणपत्रक दाखविलें, आणि आमची चूक झाली असें सांगितलें. तो थोडा वेळ पायाकडे पाहत उभा राहिला. मग लॅरी ल्यूरेक्सचें तें गाणें त्यानें दोनदां ऐकून घेतलें. "सर," तो म्हणाला, "हें पेटीवर बसेल." पेटीचे दोन स्वर पावसाच्या दमटपणानें बसले आहेत, ती दुरुस्तीस पुण्यास गेली आहे, आणि दिवाळीच्या सुटीनंतर परत यावयाची आहे.