बांध जागेवरच आहे, आकडा हलला आहे
— ऊस विकास अधिकारी



ऊस नोंदीच्या दिवसांत शेती विभागाकडे पूर्वी ठरलेल्या तक्रारी यायच्या. नोंद लागली नाही, टोळी आली नाही, वगैरे. अलीकडे त्यात एका नव्या तक्रारीची भर पडली आहे. सभासद मोबाईल पुढे धरतो आणि म्हणतो, "साहेब, ह्यात बघा, शेजाऱ्याच्या चार सऱ्या माझ्या गटात दाखवतंय." शेजाऱ्याजवळ रोव्हरने झालेल्या मोजणीचा कागद असतो, त्यातले आकडे तिसरेच. मग दोघेही बांधावर. वाळवा घ्या, पलूस घ्या, कराड घ्या, प्रकार तोच. बांधाच्या भांडणाला आपल्याकडे निमित्त कधी कमी पडले नाही. आता तर आकाशातला साक्षीदार मिळाला!

हा साक्षीदार खोटे बोलत नाही. पण तो कोणत्या खुंटीपासून मोजतो आहे, हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष धरू नये.

आपल्या गावचे नकाशे कसे झाले ते आधी पाहू. मुंबई इलाख्याची जमीन मोजणी १८३५ साली इंदापूर तालुक्यातून सुरू झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. मोजायला ३३ फुटांची, सोळा आण्यांची साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हा हिशोब आपण आजही तोंडपाठ म्हणतो तो त्या साखळीचा. या मोजणीत अक्षांश-रेखांश कुठेच नव्हते. दगडापासून दगडापर्यंत किती साखळ्या, किती आणे, एवढेच टिपणात लिहिले जाई. जुने गावनकाशे बरेचसे एका मैलाला ८ इंच या मापाचे आहेत. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ म्हणजे रानात जवळजवळ ४ मीटर, तेरा फूट! तोच नकाशा आज संगणकात घेऊन उपग्रहाच्या फोटोवर पसरला, तर रेघ बांधावर तंतोतंत बसेल ही अपेक्षाच चूक आहे. चार सऱ्या इकडे-तिकडे होणारच.

आता खुंटीकडे येऊ. अक्षांश-रेखांश काढायचे तर पृथ्वीचा आकार आणि माप आधी मानून घ्यावे लागते, आणि ते माप कुठेतरी टेकवावे लागते. याला मोजणीवाले 'डेटम' म्हणतात. आपण मूळ खुंटी म्हणू. हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी लॅम्बटनने १८०२ साली मद्रासेत सुरू केली. हा माणूस मोजणी करत करत उत्तरेकडे निघाला आणि १८२३ साली आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे काम एव्हरेस्टने पुढे नेले. त्याने १८३० साली ठरवलेला पृथ्वीचा आकार धरून आणि मध्यप्रदेशातल्या कल्याणपूरची खुंटी धरून आपले जुने टोपोशीट झाले. जीपीएसची खुंटी मात्र पृथ्वीच्या पोटात, मध्यबिंदूला आहे. तिला डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात. या दोन खुंट्यांवरून आपल्या भागातल्या एकाच जागेचे आकडे काढले तर शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठीचे नकाशे नव्या खुंटीवर आले, पण जुने कागद कपाटात आहेतच. उपसा सिंचन संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जुन्या टोपोशीटवरून काढलेले पाइपलाइनचे आकडे तसेच्या तसे जीपीएस यंत्रात घातले, तर चर तिसऱ्याच सभासदाच्या उसातून जाईल.

एवढ्यावर भागत नाही. नवी खुंटी पृथ्वीच्या मध्याला असली तरी आपण ज्या खडकावर शेती करतो तो स्थिर नाही. सबंध भारताचा भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. बोटाच्या नखासारखी ही चाल, पण वीस वर्षांत मीटर होतो. म्हणून २००५ साली जीपीएसने काळजीपूर्वक बसवलेला नियंत्रण बिंदू आज तितक्याच काळजीने तपासला तरी आकडा जुळणार नाही. त्यात कोणाची लबाडी नाही.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे, कारण क्वीन्सलँडचे शेतकरीही आपल्यासारखे ऊसवाले. त्यांचा खंड वर्षाला ७ सेंटिमीटर सरकतो. १९९४ ची खुंटी धरून केलेले नकाशे आणि उपग्रहाचा आकडा यांत १.८ मीटर अंतर पडायला आले, तेव्हा त्यांनी २०२० सालच्या जागेला बांधलेली नवी खुंटी काढली. ट्रॅक्टर उपग्रहावर सरी धरून चालवायचा आणि नकाशा जुन्या खुंटीवरचा, असे झाले तर चाक थेट खोडक्यावर. आपल्याकडे असे ट्रॅक्टर सर्रास नाहीत, म्हणून आपले लक्ष गेले नाही, इतकेच.

आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी 'कॉर्स' केंद्रे उभारली आहेत. ही केंद्रे रात्रंदिवस उपग्रह ऐकत असतात आणि भूकरमापकाच्या हातातल्या रोव्हरला दुरुस्ती पाठवतात, म्हणून रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत बिनचूक येतो. पण या जाळ्याचे आकडेही एका ठरलेल्या तारखेच्या जागेला बांधलेले असतात. उद्या ती तारीख पुढे घेतली की सगळे आकडे एकदम सरकणार. मग जुन्या बिंदूंना हिशोबाने फरक लावायचा किंवा ते पुन्हा मोजायचे, हे काम मोजणी खात्याला करावेच लागते. ते न करता अर्धे कोपरे जुन्या आकड्यांनी आणि अर्धे नव्याने घेतले, तर शेत कागदावर वाकडे होते. भांडण उगवते ते इथे.

"मग माझं क्षेत्र कमी होणार का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही होणार. सगळे कोपरे एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकले तर गुंठा तोच राहतो. दोन दगडांमधले अंतर तेच राहते. तुमच्याबरोबर शेजारी सरकला, कृष्णा सरकली, कारखान्याची चिमणीसुद्धा सरकली. (भूकंपाची गोष्ट वेगळी. १९६७ साली कोयनेच्या भूकंपात जमिनीला भेगा पडल्या होत्या. तसे झाले तर जागेवरच मोजावे लागते.)

क्षेत्र बिघडते ते मोबाईलने. उघड्या रानात साधा मोबाईल तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली जास्त. २० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा साधारण ४५ मीटर बाजूचा. चारही बाजूंना दोन-दोन मीटर बाहेर धरले गेले की त्याचे पावणेचोवीस गुंठे होतात. नोंद फुगली की टनेजचा अंदाज चुकतो, तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो, आणि उशीर शेवटी सभासदाच्याच उसाला होतो. म्हणून मोबाईलचा आकडा नोंदीच्या अंदाजापुरता ठीक, हद्दीसाठी अजिबात नाही.

हद्दीसाठी टिपण, क प्रत आणि जागेवरचे दगड. दगड सांभाळणे ही महसूल अधिनियमानुसारही धारकाचीच जबाबदारी आहे. नांगरटीत उपटलेला दगड बांधावर टाकून देऊ नका, मोजणीशिवाय मनाने पुन्हा रोवूही नका. रोव्हरने मोजणी झाली असेल तर कागदावर तीन गोष्टी आहेत का पाहा: मोजणीची तारीख, कोणत्या खुंटीवरचे आकडे, आणि दशांश चिन्हापुढे किमान सात अंक. पाचव्या अंकाला जागा सुमारे एक मीटर हलते, सातव्याला एक सेंटिमीटर. पाच अंकांत लिहिलेला आकडा घेऊन शेजाऱ्याशी दोन फुटांसाठी कोर्टात जाणे म्हणजे वकिलाची सोय.

नदीकाठच्या मळीवाल्यांना मात्र मी उलट सांगेन. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बांध, दगड, झाडे सगळे वाहून गेले, गाळाने सऱ्या बुजल्या. तिथे तारखेसह लिहून ठेवलेले रोव्हरचे आकडे हाच आधार, कारण फरक किती पडला हे तारखेवरून काढता येते. काठावरच्या सभासदांनी पावसाळ्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा. दोन्ही शेजाऱ्यांनी एकत्र मोजणी करून घेतली तर उत्तम, आकडे एकाच दिवसाचे आणि एकाच खुंटीचे मिळतात.

ज्यांच्याजवळ क प्रत आहे त्यांनी ऊस नोंद देताना तिची झेरॉक्स चिटबॉयकडे द्यावी. मोबाईलचे क्षेत्र आणि क प्रतीचे क्षेत्र यांत दोन गुंठ्यांहून जास्त फरक दिसला, तर सभासदाला बरोबर घेऊन टेपने पुन्हा मोजावे, असे शेती विभागाच्या मदतनिसांना सांगितले आहे.