रडणाऱ्या मुलासाठीही जागा

रिचर्ड हॉलिंग्सहेड या अमेरिकन गृहस्थांनी मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचे पहिले प्रयोग केले ते घराच्या आवारात. मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, दोन झाडांमध्ये पडदा ताणला, पडद्यामागे रेडिओ लावला. पावसात कसे दिसेल हे तपासायला काचेवर पाणी फवारले. खरी अडचण पुढच्या गाडीची होती. तिच्या टपामुळे मागच्याला पडदा दिसेना. चाकांखाली ठोकळे सरकवत त्यांनी उत्तर काढले : दर रांगेला असा चढ द्यायचा की गाडीचे नाक वर उचलले जाईल. या रचनेचे पेटंट घेऊन ६ जून १९३३ रोजी न्यू जर्सीत कॅम्डनजवळ त्यांनी पहिले ड्राइव्ह-इन उघडले. मोटारीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट. मात्र एका मोटारीला एक डॉलरपेक्षा जास्त आकार नाही.

जाहिरातीत भर होता तो कुटुंबावर. मुले कितीही गोंगाट करोत, सगळ्यांनी या. मला या शोधाचे मर्म इथे दिसते. बंद थिएटरने तोवर प्रेक्षकाला बरेच धडे दिले होते. मूकपटांच्या काळात अमेरिकेत पडद्यावर सूचनांच्या काचपट्ट्या दाखवत. मोठ्या हॅट घालून बसलेल्या बायकांना त्या उतरवण्याची विनंती असे. या शिस्तीत तान्हे मूल बसत नव्हते, म्हणून त्याची आईही बसत नव्हती. कामावरच्या मळक्या कपड्यांत थेट येणाऱ्याला संकोच वाटे. चालायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्यांना जिने आणि अरुंद रांगा नकोशा होत. मोटारीच्या चार दारांनी या सगळ्यांची सोय केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर मोटार आली, मुले आली, शहराबाहेर वस्त्या वाढल्या. हॉलिंग्सहेड यांचे पेटंट १९४९ मध्ये न्यायालयात टिकले नाही, त्यामुळे इतरांना रान मोकळे झाले. १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेत चार हजारांहून अधिक ड्राइव्ह-इन होती. पडद्यापुढे झोपाळे-घसरगुंड्या, काही ठिकाणी बाळाची दुधाची बाटली गरम करून देण्याचीही सोय.

पण इथेही रीत होतीच. आत शिरताना हेडलाइट बंद करायचे, उंच गाडी मागे लावायची, उगाच हॉर्न वाजवायचा नाही. सुरुवातीला पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांचा आवाज शेजारच्या वस्तीला जागे ठेवी आणि मागच्या रांगांपर्यंत उशिरा पोचे. पुढे खिडकीला अडकवायचे छोटे स्पीकर आले. ते काढून खांबावर ठेवायचे विसरून, तारेसकट घेऊन जाणारेही निघत! नंतर गाडीच्या एफएम रेडिओवर आवाज मिळू लागला.

ओहोटीची कारणे साधी होती. जमिनीचे भाव चढले, घरात टीव्ही आणि मग व्हिडिओ आला. उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याची पद्धत १९६६ च्या कायद्याने देशभर रुळल्यावर अंधार आणखी उशिरा पडू लागला. खेळ सुटायला मध्यरात्र होऊ लागली.

आपल्याकडे अहमदाबादला ड्राइव्ह-इन आले आणि मुंबईत बांद्रा पूर्वेलाही होते. मुंबईतले बंद पडले; आता जवळच, बांद्रा-कुर्ला संकुलात २०२१ पासून इमारतीच्या गच्चीवर नवे चालते. मात्र जिथे गाडी लावायलाच जागा नाही आणि पावसाळा चार महिन्यांचा, तिथे हा मार्ग थोड्यांचाच राहणार. महाराष्ट्राने उघड्यावरच्या सिनेमाची हौस जत्रेतल्या तंबूत भागवली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात पोचला, तो याच फिरत्या टॉकीजवाल्यांचा.

आपल्या प्रेक्षकाची रीतही फक्त गप्प बसण्याची नव्हती. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून बसत, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत. नायकाच्या प्रवेशाला पडणारी शिट्टी मला कधी असभ्य वाटली नाही, कारण ती चित्रपटाला दिलेली दाद असते. मोबाइलवर चाललेला धंद्याचा सौदा मात्र असभ्यच, कारण त्याचा पडद्याशी काही संबंध नसतो. अंधारात उजळलेला फोनचा चौकोन मागच्या तीन रांगांचे लक्ष मोडतो, आणि त्यावर कुणी हटकले तर उलट हटकणाऱ्यालाच ऐकावे लागते.

मूल रडते, तेव्हा प्रश्न वेगळा असतो. ते बेशिस्त नसते, त्याला भूक लागलेली असते. आपल्या काही जुन्या नाट्यगृहांत मागे काचेची बंद खोली असे. रडणारे मूल घेऊन आई तिथून नाटक पाही. नवे थिएटर बांधताना पॉपकॉर्नच्या काउंटरला जागा सापडते, या खोलीला सापडत नाही. थिएटर चालवणाऱ्यांनी एवढे करावे : आठवड्यातला सकाळचा एक खेळ बाळासह येणाऱ्यांसाठी ठेवावा; आवाज थोडा कमी, दिवे मंद सुरू. आणि आपण प्रेक्षकांनी फोन बंद करून खिशात ठेवावा, पण रडणाऱ्या मुलाच्या आईकडे वळून डोळे वटारू नयेत.