रिंगणातला बँड

जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या पोरसवदा पंक बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. सुरुवातीला हजार प्रती छापल्या. मोठ्या कंपनीचा उंबरठा न झिजवता संगीत बाजारात आणता येतं हे इंग्लंडच्या पोरांना त्यातून कळलं आणि गावोगावी बँड उभे राहिले. पंक म्हटलं की लोकांना कर्कश गिटार आणि रंगवलेले केस आठवतात. त्या चळवळीचा जीव मात्र तीन साध्या गोष्टींत होता: वाद्य आवाक्यातलं असावं, वाजवायला कुणाची परवानगी लागू नये आणि गाण्यात आपल्याच वस्तीचं दुखणं यावं. या तीन कसोट्या पालघर जिल्ह्याला लावल्या तर उत्तर वारली आदिवासींच्या तारप्यापाशी, या फुंकून वाजवायच्या वाद्यापाशी, येऊन थांबतं. तारपा हे आपल्याकडचं सर्वांत स्वतंत्र संगीत आहे. त्याला लोककलेच्या कपाटात ठेवणं थांबवून तरुणांचं चालतंबोलतं वाद्य म्हणून वागवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी वाद्याची घडण पाहू. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा ही त्याची हवेची पेटी. तिच्यात बांबूच्या दोन नळ्या बसवतात, नळ्यांत जिभल्या असतात आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा. सांधे मेणाने बुजवतात. यातली एकही वस्तू दुकानातून आणावी लागत नाही. भोपळा परसातला, बांबू आणि ताड रानातला. वाजवणं मात्र मुळीच सोपं नाही. नाकाने श्वास घेत असतानाच गालात साठवलेली हवा फुंकायची, म्हणजे सूर तुटत नाही. हा दम वर्षानुवर्षांच्या सवयीने येतो. नव्या भाताच्या दिवसांपासून दिवाळीपर्यंत पाड्यापाड्यावर रात्री नाच रंगतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि तारपकरी वळेल तशी साखळी वळते. त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. तिथे स्टेज नसतं, तिकीट नसतं आणि नुसतं बघायला आलेलं माणूस थोड्या वेळात नाचणारं होऊन जातं. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातली भिंत पाडण्यासाठी लंडन-मँचेस्टरच्या पोरांना आटापिटा करावा लागला. ती भिंत इथे कधी बांधलीच गेली नव्हती.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पंक म्हणजे परंपरेला दिलेली लाथ, आणि तारपा तर देवाशी, पिकाशी, ऋतूशी बांधलेला. मग दोघांची सांगड कशी घालायची? आक्षेप वजनदार आहे, पण परंपरा कुणाची हे तो विचारत नाही. इंग्लंडच्या पोरांसमोरची परंपरा राजवाड्याची होती. वारल्यांची परंपरा अशा माणसांची आहे, ज्यांना सावकार-जमीनदारांनी वेठीला जुंपलं आणि लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोला लग्नगडी करून राबवलं. २३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेला हजारो वारली जमले आणि शेतकरी चळवळीतल्या गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सगळा काळ आहे. वेठीत दिवस मालकाचा असे, कधी रात्रही. अशा माणसांनी रात्रभर स्वतःसाठी नाचणं ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंपरा जपणं आणि मालकाला नाकारणं या गोष्टी इथे एकमेकींच्या वैरी नाहीत.

हा धागा तरुणांनी उचललाही आहे. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं काढलं. त्यात आरे वसाहतीतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, आणि विषय आहे जंगल व जमीन. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मेट्रो कारशेडसाठी आरेत दोन हजारांवर झाडं एका-दोन रात्रींत पाडली गेली. गाण्याचं नाव थेट १९४५ च्या त्या डहाणू-तलासरीच्या उठावाकडे बोट दाखवतं. या गटातल्या धर्मेश परमारने, म्हणजे एमसी तोडफोडने, मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी जगाचा निरोप घेतला. एवढ्या कोवळ्या वयात इतकं नेमकं बोलणारा मुलगा गेला याची हळहळ अजून ओसरलेली नाही. शहरी पोरांनी आदिवासींचं दुःख उसनं घेतलं, असं या गाण्यावर म्हणता येईल. भोईर या गाण्यात मागे सजावटीला उभे नाहीत, स्वतःच्या पाड्याबद्दल स्वतः बोलतात. म्हणून हा आरोप मला इथे लागू होत नाही असं वाटतं. इतरत्र तो जरूर लागू होईल. मूळ कलाकाराचं नाव, त्याचा मोबदला आणि त्याचा शब्द या तिन्हींचा हिशेब अशा प्रत्येक गाण्याकडे मागितलाच पाहिजे.

तरुणांनी तारपा हाती घेण्यातली खरी अडचण बोईसरला दिसते. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, भोवती एमआयडीसी पसरली आहे, आणि आसपासच्या पाड्यांवरची मुलं तिथे ठेकेदाराकडे पाळ्यांत राबतात. नऊ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत तारपा दिसतो आणि डीजेही दणाणतो. मुलांना तारपा नको झाला आहे, हा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. रात्रपाळी भाताच्या हंगामाला ओळखत नाही. दम शिकायला लागणारी वर्षं आणि साखळीला लागणारी मोकळी रात्र, दोन्ही कारखान्याच्या भोंग्याने खाल्ली आहेत. गाण्याला विषय तर दाराशी उभे आहेत. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांसह देशात पहिली आली. याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, मच्छीमारांचा अनेक वर्षांचा विरोध असतानाही. असा किनारा इंग्लंडात असता तर तिथे चार-सहा बँड केव्हाच उभे राहिले असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. तारप्याभोवती वेटोळं घालणाऱ्या नाचाचं चित्र आज जगभर गेलं आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणि कापडावर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता हॉटेलांच्या भिंतींवर, साड्यांवर, मगांवर तेच वेटोळं छापलेलं दिसतं. चित्राच्या मधोमध उभा असलेला तारपकरी काय वाजवतो आहे, हे मात्र त्या मगातून चहा पिणाऱ्याने बहुधा कधीच ऐकलेलं नसतं. चित्र विकत घेऊन टांगता येतं. सुराला माणूस लागतो, त्याचा वेळ लागतो आणि भोवती नाचणारी माणसं लागतात. २०२६ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदीतल्या तारपकऱ्याचा हा मान मोठाच आहे, पण मानाने शिष्य तयार होत नाहीत. जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत तारपकऱ्याला पगारी शिक्षक म्हणून नेमावं. मुलांनी भोपळा पोखरण्यापासून शिकावं, आणि पुढे त्यांनी त्याला ड्रम जोडला, रॅप जोडला किंवा बंदराविरुद्धचं गाणं जोडलं तर कुणा संस्कृतिरक्षकाने मध्ये येऊ नये. अशा नेमणुकीला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. आदिवासी विकास विभाग ती पुढच्या शैक्षणिक वर्षापासूनही सुरू करू शकतो.