विश्लेषण : स्विस पासपोर्टवर जन्मगाव का नसते? पावणेदोनशे वर्षांपूर्वी परदेशी गेलेल्यांचे ‘मूळ गाव’ कसे जपले जाते?

भारतीय पासपोर्टवर जन्मस्थानाचा रकाना असतो. स्वित्झर्लंडच्या पासपोर्टवर तिथे ‘हायमाटऑर्ट’ म्हणजे मूळ गाव छापलेले असते. माणूस झुरिकच्या रुग्णालयात जन्मलेला असो वा जिनिव्हात वाढलेला, पासपोर्टवर नाव येते ते त्याच्या घराण्याच्या खेड्याचे. कित्येकांनी त्या खेड्यात कधी पाऊलही ठेवलेले नसते. ‘मूळचे कुठले तुम्ही?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत निघतो. स्विस सरकार त्याचे उत्तर पासपोर्टवरच देऊन टाकते. हा रकाना दिसायला किरकोळ आहे. पण अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिनात विखुरलेल्या स्विस वंशजांचा इतिहास अजून शोधता येतो, त्यामागे याच रकान्याचा मोठा वाटा आहे.

मूळ गावाला एवढे महत्त्व का?

यामागे मायेपेक्षा हिशेब अधिक होता. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकत्व आधी गावाचे, मग प्रांताचे (तिथल्या भाषेत ‘कँटन’चे) आणि मग देशाचे. माणूस म्हातारा झाला, आजारी पडला, कंगाल झाला, तर त्याला पोसायची जबाबदारी तो राहत असलेल्या गावाची नव्हे, तर मूळ गावाची असे. त्यामुळे कोण आपला आणि कोण नाही, याची नोंद गावाला काटेकोर ठेवावीच लागे. देशभर सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८७६ मध्ये सुरू झाली. त्याआधी हे काम चर्चच्या वह्यांमधून होई.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. गरिबाला आयुष्यभर पोसण्यापेक्षा एकदाच जहाजाचे भाडे भरून त्याला अमेरिकेला धाडणे गावाला स्वस्त पडे. १८५५ मध्ये आरगाउ प्रांतातल्या रोथ्रिस्ट या गावाने आपल्या सुमारे तीनशे रहिवाशांना असेच एका फटक्यात रवाना केले. आजचा श्रीमंत स्वित्झर्लंड डोळ्यांसमोर असलेल्याला हे पटायला जड जाते. पण एकोणिसाव्या शतकात हा देश माणसे बाहेर पाठवणारा होता.

१९३ निघाले, १०८ पोहोचले...

या सगळ्याचे सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले न्यू ग्लारुस. मूळ ग्लारुस ही पूर्व स्वित्झर्लंडमधली डोंगरांच्या कचाट्यातली अरुंद दरी. जमीन थोडी, माणसे फार. अठराव्या शतकापासून दरीचे पोट कापडाच्या छपाईवर आणि हातमागावर चाले. भारतातून युरोपात गेलेल्या छिटाच्या कापडाने तिकडे वेड लावले होते. त्याच्या नकला युरोपभर ‘इंडियन’ या अर्थाच्या नावाने विकल्या जात आणि ग्लारुसचा छपाईधंदा त्याच लाटेवर वाढला. यंत्रमाग आले तसे हातमागवाले बसले.

१८४५ मध्ये प्रांतातल्या गावांनी मिळून एक स्थलांतर संस्था उभी केली. निकोलस ड्यूर्स्ट आणि फ्रिडोलिन श्ट्राइफ या दोघांना जागा शोधायला पुढे पाठवले. त्यातला एक न्यायाधीश, दुसरा लोहार. दोघांनी विस्कॉन्सिनमध्ये १,२८० एकर जमीन घेतली. पण त्यांचा निरोप येईपर्यंत थांबायला मागे कुणी तयार नव्हते. १६ एप्रिल १८४५ रोजी १९३ जण निघाले. कालव्याने झुरिक, मग ऱ्हाईन नदीतून हॉलंड, तिथून जहाजाने बाल्टिमोर, पुढे ओहायो नदीवरून सेंट लुईस. तिथे पोहोचले तरी जमीन मिळाली की नाही, याचा पत्ता नाही. शेवटी दोघांच्या शोधात आणखी दोघांना पाठवावे लागले! ऑगस्टच्या मध्यात जेव्हा जथा जागेवर पोहोचला, तेव्हा १०८ जण उरले होते. काही वाटेत दगावले, काहींनी मध्येच दुसरी वाट धरली. जमिनीचे २०-२० एकरांचे तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटले गेले.

एवढे तपशील आज सांगता येतात, याचे बरेचसे श्रेय माथियास ड्यूर्स्ट या एका टिनकाम करणाऱ्या कारागिराला आहे. तो जथ्याबरोबर होता आणि प्रवासाची रोजनिशी लिहीत होता. ती टिकली, छापली गेली आणि तिचे इंग्रजी भाषांतरही झाले.

मग ही लाकडी शॅले कुठून आली?

आज न्यू ग्लारुसमध्ये पाऊल ठेवले की उतरत्या छपरांची, कोरीव लाकडी सज्ज्यांची, खिडक्यांत लाल फुले सोडलेली घरे दिसतात. पर्यटकाला वाटते, १८४५ चे स्थलांतरित हेच बरोबर घेऊन आले. तसे नाही. स्थलांतरितांच्या पहिल्या पिढ्यांनी शेजारच्या अमेरिकी शेतकऱ्यांसारखीच घरे बांधली. आधी गहू पिकवला; तो परवडेनासा झाल्यावर गाई पाळल्या आणि चीज केले. त्यातही या भागाचे नाव झाले ते बेल्जियमकडून आलेल्या, वासाला उग्र अशा लिंबर्गर चीजमुळे. गावात पुढे ‘पेट मिल्क’ कंपनीचा आटीव दुधाचा कारखाना होता. तो १९६२ मध्ये बंद पडला. हातचा रोजगार गेल्यावर गावाने आपले स्विसपणच भांडवल म्हणून वापरायचे ठरवले. दुकानांचे दर्शनी भाग बदलले, १९६५ पासून ‘हायडी’ महोत्सव सुरू झाला. बाजारपेठेतल्या इमारती स्विस धाटणीच्याच हव्यात, असा गावाचा नियमही आहे.

गंमत अशी की ही धाटणी मुख्यतः बर्नच्या डोंगराळ भागातली आहे, ग्लारुसची नव्हे. खुद्द ग्लारुस शहर मे १८६१ मधल्या आगीत जवळजवळ बेचिराख झाले. डोंगरावरून उतरणारा गरम वारा त्या रात्री सुटला होता. सुमारे ६०० इमारती जळाल्या आणि नवे शहर काटकोनातल्या सरळ रस्त्यांवर, दगडविटांच्या सपाट दर्शनी भागांचे उभे राहिले. न्यू ग्लारुसचा पर्यटक मूळ ग्लारुसला गेला तर त्याला ते पुरेसे ‘स्विस’ वाटणार नाही, अशी स्थिती.

१९३८ पासून होणाऱ्या ‘विल्यम टेल’ नाटकाचेही तसेच. एडविन बार्लो या स्थानिक हौशी गृहस्थाने ते सुरू केले. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सुटीत उघड्या माळावर गावकरीच भूमिका करतात आणि गाई-शेळ्याही रंगभूमीवर येतात. काही घरांत एकेक भूमिका पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहे. पण टेलची दंतकथा उरी प्रांतातली, ग्लारुसची नाही. नाटक लिहिणारा शिलर जर्मन, आणि त्याने स्वित्झर्लंड कधी पाहिलेही नव्हते. भूगोलाचे अभ्यासक स्टीव्हन होल्शर यांनी १९९८ मध्ये या गावावर पुस्तक लिहिले, त्याचा गाभाच हा आहे की इथला वारसा रंगमंचावर घडवला गेला. म्हणून तो खोटा ठरतो का? ऐंशीहून अधिक वर्षे लोक ज्या नाटकासाठी उन्हातान्हात तालमी करत आले, ते आता त्यांचेच झालेले आहे.

बोलीचे काय झाले?

घरे नवी बांधता येतात. बोलीचे तसे नाही. न्यू ग्लारुसमध्ये ग्लारुस दरीतली स्विस जर्मन बोली शंभर वर्षांहून अधिक काळ घराघरात होती. एकाच भागातली माणसे एकत्र वसल्याने ती टिकली. अमेरिकेत इतरत्र स्थलांतरितांची बोली दोन-तीन पिढ्यांत जात असे. इथे ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सहज ऐकू येई. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पुढे शाळा, रेडिओ आणि बाहेरची लग्ने यांनी उरलेले काम केले. आज ती काही वृद्धांपुरती आहे. ‘टेल’चा जर्मन प्रयोग उभा करणेही त्यामुळे अवघड होत गेले, नाटक प्रामुख्याने इंग्रजीतून चालते.

मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातली माक्स काडं संस्था जर्मन बोलींची जुनी ध्वनिमुद्रणे जपून ती डिजिटल करते. या वारशाचा सर्वांत नाजूक भाग हाच. ओंडक्यांची घरे, जुने चर्च, शाळा, चीजची खोली असे सगळे गावातल्या ‘स्विस हिस्टॉरिकल व्हिलेज’ या संग्रहालयात उभे आहे. चीजच्या खोलीत कढई ठेवता येते. कढईशी उभ्या माणसाच्या तोंडचे शब्द टेपवर असतील तरच राहतात.

कागद वाचणार कोण?

अमेरिकेतल्या वंशजाला आपले मूळ शोधायचे तर काम दोन टप्प्यांत होते. आडनावावरून गाव, आणि गावावरून घराणे. पहिल्यासाठी स्विस आडनावांचा कोश आहे. १९६२ मध्ये कोणत्या आडनावाला कोणत्या गावाचे नागरिकत्व होते, याची ती यादी, आता ऑनलाइन मोफत. दुसऱ्या टप्प्यात ग्लारुसचे वंशज नशीबवान आहेत. तिथल्या जे. जे. कुब्ली-म्युलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची अनेक वर्षे चर्चच्या वह्या तपासून प्रांतातल्या घराण्यांच्या वंशावळी हाताने लिहून काढल्या. तीसहून अधिक जाडजूड खंड. परदेशी गेलेल्यांच्या नोंदीही त्यात आहेत. हे खंड ग्लारुसच्या प्रांतिक अभिलेखागारात आहेत.

अडचण लिपीची. ही कागदपत्रे ‘कुरेंट’ नावाच्या जुन्या जर्मन वळणात आहेत. आज जर्मन येणाऱ्यालाही ती वाचता येत नाही. मोडीतला आपल्याच पणजोबांचा फेरफार हातात असूनही मराठी माणूस जसा अडतो, तसेच हे. इन्सब्रुक विद्यापीठातून पुढे आलेली ‘ट्रान्सक्रिबस’ ही प्रणाली अशा हस्ताक्षराची पाने संगणकाला वाचायला शिकवते. आधी माणसाने काही पाने अक्षर-अक्षर लावून द्यायची, त्यावरून संगणक त्या वळणाचा नमुना शिकतो आणि उरलेल्या पानांचा मजकूर काढतो. नमुन्याची पाने लावून देणारा जाणकार मात्र लागतोच, आणि असे जाणकार दरवर्षी कमी होत आहेत. एकसारख्या कारकुनी अक्षरात हे चांगले साधते; घाईत लिहिलेल्या घरगुती पत्रात संगणकही अडखळतो. आणि स्थलांतराची खरी हकिगत बहुतेकदा अशा पत्रांतच असते.

याच्या जोडीला १९२७ मध्ये शिकागोत स्थापन झालेली ‘स्विस अमेरिकन हिस्टॉरिकल सोसायटी’ आहे. मधली काही वर्षे ती निपचित पडली होती, १९६० च्या दशकात पुन्हा उभी राहिली. तिच्या नियतकालिकाचे जुने अंक आता ऑनलाइन आहेत.

ब्राझीलमध्ये दुवा तुटला होता, तो कसा जुळला?

१८१९ मध्ये पोर्तुगालच्या राजाशी झालेल्या करारानुसार सुमारे दोन हजार स्विस ब्राझीलला निघाले. तीनशेहून अधिक जण प्रवासातच मेले. उरलेल्यांनी रिओच्या डोंगरात नोव्हा फ्रिबुर्गो वसवले. भाषा गेली, पत्रव्यवहार थांबला. मोनेरा, वेर्मेलिंगर अशी आडनावे तेवढी उरली. स्वित्झर्लंडमध्येही फ्रीबुर्ग प्रांताने हे प्रकरण विस्मरणात टाकले होते. १९७३ मध्ये मार्टिन निकुलाँ यांचा या वसाहतीच्या जन्मावरचा प्रबंध आला आणि काही वर्षांतच दोन्हीकडच्या लोकांच्या भेटी सुरू झाल्या, संस्था निघाली, पुढे तिथे चीज बनवायला शिकवणारी शाळाही झाली. एका प्रबंधाने एवढे घडावे, हे विरळाच.

सगळाच वारसा मिरवण्यासारखा आहे?

नाही. कॅलिफोर्नियाच्या सोन्याशी ज्याचे नाव जोडले गेले तो जॉन सटर जन्मला जर्मनीतल्या कांडर्न गावात. त्याला स्विस म्हणायचे ते रुनेनबर्ग या मूळ गावामुळेच. देणी बुडवून तो अमेरिकेला पळाला आणि तिथे मूळ रहिवाशांना वेठीला धरून त्याने आपले साम्राज्य उभे केले. जून २०२० मध्ये सॅक्रामेंटोतल्या एका रुग्णालयासमोरचा त्याचा पुतळा काढण्यात आला. न्यू ग्लारुसची जमीनही रिकामी नव्हती. हो-चंक लोकांकडून १८२९ ते १८३७ दरम्यानच्या करारांनी या प्रदेशातली जमीन काढून घेतल्यावर काही वर्षांतच ती विक्रीला आली होती. ड्यूर्स्ट आणि श्ट्राइफ यांनी सरकारी दराने घेतली, कागद चोख केले; त्याआधीच्या मालकांचे कागदच नव्हते.

वंशजांना स्विस नागरिकत्व मिळते का?

१८४५ च्या जथ्याच्या बहुतेक वंशजांना नाही. परदेशात जन्मलेले आणि दुसरे नागरिकत्व असलेले मूल वयाच्या पंचविशीपर्यंत स्विस अधिकाऱ्यांकडे नोंदले गेले नाही, तर त्याचे स्विस नागरिकत्व जाते. आज परदेशांत आठ लाखांहून अधिक स्विस नागरिक आहेत; चार भाषांच्या या देशात त्यांना ‘पाचवा स्वित्झर्लंड’ म्हणतात. न्यू ग्लारुसची सव्वादोन हजारांच्या आसपास वस्ती बहुतांशी त्या मोजणीबाहेर आहे.

आता मूळ गावांचीच नावे बदलली आहेत. ग्लारुसमध्ये अजूनही वर्षातून एकदा मतदार चौकात जमून हात वर करून निर्णय घेतात, आपल्या ग्रामसभेसारखे, फक्त साऱ्या प्रांताची मिळून एक. २००६ मध्ये अशाच सभेने प्रांतातल्या २५ ग्रामपंचायती मोडून फक्त तीन करायचे ठरवले आणि २०११ पासून ते अमलात आले. एंगी, माट, डीस्बाख ही गावे जागेवरच आहेत, पण पंचायत म्हणून त्यांचे अस्तित्व संपले. तिथल्या घराण्यांच्या नव्या पासपोर्टवर ‘ग्लारुस स्यूद’ म्हणजे दक्षिण ग्लारुस येते. न्यू ग्लारुसच्या वंशजाकडच्या जुन्या कागदावर मात्र अजून ‘डीस्बाख’च लिहिलेले आहे, आणि कुब्ली-म्युलर यांच्या खंडांत शोधायचे तर तेच नाव लागते.