ओरल्समध्ये नापास झाल्यावर : इतिहासाच्या पीएचडीतली ‘कॉम्प्स’ दुसऱ्यांदा देताना

अमेरिकेत इतिहासात पीएचडी करायचा विचार असेल, तर एक शब्द आत्ताच ओळखीचा करून घ्या : कॉम्प्स, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षा. कुठे तिला जनरल्स म्हणतात, कुठे क्वालिफाइंग, कुठे नुसतं ओरल्स. आपल्याकडे यूजीसीच्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क असतं, त्यात ५५ टक्के मिळवले की गाडी पुढे जाते. त्यामुळे या परीक्षेचा खरा अंदाज इथे येईपर्यंत आपल्याला नसतो.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती होते. तुम्ही तीन-चार ‘फील्ड्स’ निवडता, उदाहरणार्थ आधुनिक दक्षिण आशिया, ब्रिटिश साम्राज्य, पर्यावरणाचा इतिहास. प्रत्येकाची पुस्तकांची यादी त्या त्या प्राध्यापकाबरोबर बसून ठरते. आधी लेखी, मग कमिटीसमोर दीड-दोन तासांची तोंडी. पास झालात की फक्त प्रबंध उरतो. आणि लेखी व्यवस्थित पार पडूनही तोंडीत अडकणारे असतात. अभ्यास कमी पडला असं दरवेळी नसतं.

मग अडतं कुठे? एक उदाहरण घेऊ. प्रश्न येतो : अठराव्या शतकात भारताचा ऱ्हास झाला का? आपल्या परीक्षांनी घडवलेलं डोकं लगेच यादी म्हणायला लागतं. जदुनाथ सरकार यांचे ‘फॉल ऑफ द मुघल एम्पायर’चे चार खंड, १९६३ चा इरफान हबीब यांचा शेती आणि महसुलाच्या संकटाचा मुद्दा, १९८३ चं बेलींचं व्यापारी आणि बाजारगावांवरचं पुस्तक, १९८६ मध्ये अवध-पंजाबवर मुझफ्फर आलम, त्याच वर्षी मराठ्यांवर आंद्रे विंक. सगळं बरोबर, आणि तरी कमिटी गप्प बसून पुढच्या वाक्याची वाट बघत असते. त्यांना विचारायचं असतं, की तुम्हाला यातलं कोणाचं पटतं आणि का.

तुम्ही म्हणालात, ‘दिल्लीतून पाहिलं तर ऱ्हास, प्रादेशिक सत्तांकडून पाहिलं तर नवी उभारणी, मला दुसरं जास्त पटतं,’ तर खरी परीक्षा तिथून सुरू होते. लगेच उलट प्रश्न येतो : बाजारगावं भरभराटीला आली, पण कुणब्याच्या हातात काय पडलं? विंक यांनी मराठी दप्तरातली साधनं वापरली. महसुली कागद सत्तेची भाषा बोलतात की गावाची? इथे ‘माहीत नाही’ म्हणून थांबलात तर अवघड आहे. ‘याचं थेट उत्तर मी वाचलेल्यात नाही, पण शोधायचं झालं तर अमुक प्रकारचे कागद बघेन,’ हे मात्र चालतं. चांगलंच चालतं. आपल्याकडे मोठ्यांसमोर स्वतःचं मत ठामपणे मांडणं उद्धटपणा समजतात. ती सवय घेऊन इथे बसलात की नम्रपणा अज्ञानासारखा दिसतो. मला वाटतं, मराठी मुलांचं घोडं पुस्तकांपेक्षा इथेच जास्त पेंड खातं.

आता निकाल ‘फेल’ आला असं धरा. बहुतेक विभागांत एकदा पुन्हा बसता येतं; मुदत कुठे पुढचं सत्र, कुठे वर्षभर. दुसऱ्यांदाही गेलं, तर सहसा मास्टर्स हातात देऊन निरोप मिळतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात, रडून झाल्यावर (रडा, त्यात काही नाही), विभागाची नियमावली उघडा आणि तीन गोष्टी ईमेलवर लेखी मागून घ्या. पुन्हा द्यायचं ते फक्त तोंडी की लेखीसकट? सगळी फील्ड्स की एखादंच? आणि स्टायपेंडची वर्षं मोजताना हे सत्र कसं धरणार? तोंडी आश्वासनावर विसंबू नका, विभागप्रमुख बदलतात.

एफ-१ व्हिसावर असाल तर एकदा नापास झाल्याने व्हिसा जात नाही. नोंदणी पूर्ण चालू राहिली पाहिजे, आणि आय-२० वरची शेवटची तारीख जवळ असेल तर वाढ ती तारीख उलटण्याआधीच मागावी लागते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लवकर जा.

मग कमिटीतल्या प्रत्येकाला वेगळं भेटा. ‘मी कुठे चुकलो’ असं मोघम विचारलंत तर ‘अजून सिंथेसिस हवं’ असं मोघमच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा : कोणत्या प्रश्नाला तुम्हाला वेगळं उत्तर अपेक्षित होतं? ही उत्तरं त्याच दिवशी लिहून ठेवा.

यादी पहिल्यापासून वाचायचा मोह होईल. करू नका. पुस्तकं तुमची वाचून झाली आहेत, बोलणं राहिलंय. प्रत्येक फील्डचे दहा वाद काढा आणि प्रत्येकावर पाच मिनिटं मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करून. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण पहिलं मत किती मिनिटांनी येतं ते कळतं. तिसऱ्या मिनिटाला येत असेल तर उशीर झाला. शिवाय निदान दोन मॉक ओरल्स इंग्रजीतूनच घ्या, आणि त्यातलं एक तुमच्या विषयाबाहेरच्या मित्रांकडून. ते ‘म्हणजे काय?’ असं निर्लज्जपणे विचारतात, ओळखीचे दक्षिण आशियावाले विचारत नाहीत.

तारीख ठरवण्याआधी एक चौकशी नक्की करा : पुढच्या सत्रात कमिटीतलं कोणी सबॅटिकलवर जाणार आहे का. ऐनवेळी परीक्षक बदलला, तर त्या फील्डची यादीही बदलू शकते.