प्रॉक्सीआड अडकलेले अपडेट आणि एक चिवट गैरसमज

दक्षिण रायगडातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत संगणकाचे अपडेट अडले की पहिला ठपका नेटवर बसतो, आणि आंबेनळी किंवा कशेडी घाटालगतच्या गावांचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा ठपका सर्वस्वी अन्यायाचा वाटणार नाही. परंतु बिरवाडीलगतच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा असो की एखादे कार्यालय, जेथे इंटरनेट प्रॉक्सीमार्फत घेतले जाते तेथे दोष अनेकदा वेगळ्याच ठिकाणी असतो. प्रॉक्सी म्हणजे आतले संगणक आणि बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये बसवलेला मध्यस्थ सर्व्हर. तो प्रत्येक मागणी स्वतःकडे घेतो, तिची नोंद ठेवतो आणि व्यवस्था तशी असेल तर युजरनेम व पासवर्ड मिळाल्याशिवाय ती पुढे पाठवत नाही.

अशा ठिकाणी हमखास ऐकू येणारे विधान असे, की सकाळी ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकला आहे, संकेतस्थळे उघडत आहेत, म्हणजे संपूर्ण संगणक नेटला जोडला गेला आहे. तरीही अपडेट होत नसेल तर विंडोजच बिघडले असले पाहिजे. या तर्कापायी धडधाकट यंत्रे फॉरमॅट केली जातात, आणि नव्याने टाकलेले विंडोजही त्याच प्रॉक्सीपाशी येऊन थांबते, तेव्हा फॉरमॅट नीट झाले नसावे असा निष्कर्ष काढून तोच उद्योग पुन्हा केला जातो.

वस्तुस्थिती अशी, की प्रॉक्सीला दिलेला पासवर्ड संगणकाच्या नावे जमा होत नाही, तो ज्या प्रोग्रामने दिला त्याच्यापुरताच असतो. ओळख न पटवता आलेल्या मागणीला प्रॉक्सी ४०७ या क्रमांकाचे उत्तर देतो. १९९७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या मानकात या क्रमांकाचा अर्थ ‘आधी प्रॉक्सीकडे ओळख पटवा’ असा दिला असून २०२२ च्या सुधारित मानकातही तो कायम आहे. ब्राउझर हे उत्तर मिळताच वापरणाऱ्यापुढे चौकट उघडतो, मिळालेला पासवर्ड लक्षात ठेवतो आणि पुढच्या मागण्यांसोबत न विचारता पाठवत राहतो. विंडोज अपडेटचे काम मात्र पार्श्वभूमीतील सेवा करतात, म्हणजे पडद्यावर न दिसता आणि कोणी लॉगिन केलेले असो वा नसो, संगणकाच्या स्वतःच्या खात्याने चालणारे प्रोग्राम. त्यांना चौकट उघडून पासवर्ड विचारायला समोर माणूसच नसतो. या सेवा प्रॉक्सीचा पत्ता प्रामुख्याने विनएचटीटीपी नावाच्या स्वतंत्र भागातून घेतात, आणि तेथे पत्ता नोंदवता येत असला तरी पासवर्ड साठवण्याची सोय नाही. कारखान्याच्या गेटवर एका कामगाराने पास दाखवला म्हणून त्याच्यामागचा टँकर आत सोडला जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

हा गैरसमज इतका चिवट का, याचेही कारण आहे. पुष्कळ वसतिगृहांत आणि लॉजच्या वायफायवर ब्राउझरमध्ये लॉगिनचे पान येते, आणि तेथे एकदा पासवर्ड दिला की प्रवेशद्वारावरचे यंत्र त्या संगणकाचा किंवा मोबाइलचा पत्ताच लक्षात ठेवते, त्यामुळे त्यावरील सर्व प्रोग्रामना वाट मोकळी होते. म्हणजे वरील विधान तेथे खरे ठरते. दोन्ही ठिकाणी पासवर्ड ब्राउझरमध्येच टाकला जात असल्याने वापरणाऱ्याला दोन व्यवस्थांतील फरक दिसत नाही, पण संगणक सांभाळण्यासाठी नेमलेल्या माणसाला तो दिसायलाच हवा.

दोष नेटचा की प्रॉक्सीचा, हे ओळखणे अवघड नाही. विंडोजमधील डाउनलोडची बिट्स ही सेवा तुटक आणि मंद जोडणी गृहीत धरूनच बनवलेली असून, खंड पडला तर जेथे थांबली तेथून ती पुढे सुरू होते; त्यामुळे मंद नेटवर अपडेट रेंगाळते, पण टक्केवारी पुढे सरकत राहते. प्रॉक्सीचा नकार तत्काळ येतो, आणि ‘८०२४४०१बी’ असा शेवट असलेला त्रुटिक्रमांक दिसला तर शंकेला जागा उरत नाही, कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत त्याचा अर्थ ४०७ हाच आहे.

अँटिव्हायरस आपले आपण पाहून घेतो, हाही भ्रमच. त्याच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीची स्वतंत्र जागा असते, ती बहुधा रिकामी असते, आणि भरलेली असली तर तीत गेल्या वर्षीचा पासवर्ड असतो. लिनक्सला हा त्रास नाही, असे सांगणाऱ्यांनी प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्राम चालवणारी सुडो ही आज्ञा वापरताना प्रॉक्सीची माहिती सहसा मागेच राहते, हे एकदा पडताळून पाहावे.

अपडेट नाही झाले तर बिघडते काय, या प्रश्नाला मात्र जिल्ह्यातच उत्तर आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्राममुळे उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम कोलमडले. त्याने पसरण्यासाठी विंडोजमधील जी फट वापरली, ती बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला निघाले होते. तो चोरलेले पासवर्डही वापरत असल्याने अपडेट हा एकट्याने पुरेसा उपाय नव्हता, आणि त्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या बाधित अपडेटमधून झाला होता, हेही खरे. त्यावरून, किंवा १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले त्यावरून, अपडेट बंद ठेवणेच शहाणपणाचे असे म्हणणारे भेटतात. अपडेट आधी मोजक्या यंत्रांवर तपासून मग सर्वत्र सोडावे, एवढाच अर्थ या घटनांतून निघतो.

उपाय प्रत्येक यंत्रावर करायचा नसून प्रॉक्सीवर करायचा आहे. अपडेट देणाऱ्या सर्व्हरांच्या पत्त्यांना पासवर्डाविना वाट द्यावी, हा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे. दुसरा मार्ग संस्थेतच अपडेटचा सर्व्हर ठेवण्याचा: तो बाहेरून एकदाच फाइल आणतो आणि आतल्या सर्व यंत्रांना वाटतो, त्यामुळे पोलादपूरसारख्या ठिकाणी अपुऱ्या जोडणीवरचा भारही हलका होतो. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएसयूएस या अशा सर्व्हरमध्ये नव्या सुविधा येणार नाहीत, असे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले असले तरी त्याचा वापर थांबलेला नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून एका यंत्राचे अपडेट उरकता येते, पण पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे नवे अपडेट आले की तेच यंत्र पुन्हा प्रॉक्सीपाशी अडते.