चोराला कशाला हवा वकील?



नाशिकला सीबीएसजवळ जिल्हा न्यायालय आहे. तिथली काळ्या कोटांची गर्दी पाहून वर्गातल्या एका मुलाने विचारले, "बाई, चोराला कशाला हवा वकील?"

"पण तो चोर आहे हे ठरवले कुणी?" मी विचारले. तो गप्प!

पोलिसांनी पकडले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. ते कोर्ट ठरवते. म्हणून राज्यघटनेच्या कलम २२ ने अटक झालेल्याला वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. पण घाबरलेल्या माणसाला चांगला वकील भेटणार कसा?

१९८२ साली पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटल्या. पंधरापैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. दोघी परदेशी होत्या. त्यांना तर वकिलानेच फसवले होते! फीच्या नावाखाली त्याने त्यांचे जवळजवळ निम्मे दागिने-सामान लाटले. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज मानले आणि १९८३ साली निकाल दिला: अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, नातेवाइकाला कळवावे आणि अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत छापून महाराष्ट्रातल्या प्रत्येक कोठडीत लावावेत.

आज नाशिकसह प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतली माणसे यांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. गरिबांनाही मिळतो. फोन नंबर आहे १५१००.

स्वतः वकील करायचा झाला तर? तो फौजदारी खटले चालवतो ना, हे आधी विचारावे. फी ठरवून पावती घ्यावी. कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नये. "जामीन हमखास मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये.

आणि तुमच्यासाठी खास: अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते.

तेव्हा १५१०० हा नंबर आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि हो, कुणाला पकडले की लगेच 'चोर' म्हणू नका. निकाल लागेपर्यंत तो फक्त 'आरोपी' असतो!